टोटल जुळली, पण कशाशी?

हा लेख बँकेवर आहे, पण सुरुवात मेसच्या तेलाच्या डब्यांपासून करावी लागेल. नाइलाज आहे. "अंतर्गत नियंत्रण" हा शब्द मॅनेजमेंटच्या पेपरात दोनदा लिहून मी मार्क मिळवले होते, पण त्याचा अर्थ कळला तो या डब्यांमुळे.

सेकंड इयरला मी दोन महिने मेस सेक्रेटरी होतो. (त्या काळातली वांग्याची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांची इथे जाहीर माफी मागतो.) मेसचं एक स्टॉक रजिस्टर असतं. माल आला की पहिल्या रकान्यात नोंद, वापरला की दुसऱ्यात, शिल्लक तिसऱ्यात, आणि सगळ्यात शेवटचा रकाना 'तपासले – सही'. ती सही सेक्रेटरीची. रोज रात्री स्टोअरमध्ये जायचं, डबे-पोती मोजायची आणि मग सही करायची, असा नियम. मी काय करायचो, तर रविवारी सकाळी रजिस्टर रूमवर मागवायचो आणि आठवड्याच्या सातही सह्या एका दमात ठोकायचो. पहिल्या महिन्याचा हिशोब नोटीस बोर्डावर लागला. टोटल पैशापर्यंत जुळत होती. मी खूश.

दुसऱ्या महिन्यात रेक्टर सर एका संध्याकाळी न सांगता स्टोअरमध्ये आले आणि त्यांनी तेलाचे डबे मोजले. रजिस्टरवर पंधरा, प्रत्यक्षात अकरा.

चौकशीत निघालं ते असं: माल उतरवून घेणारा, रजिस्टर लिहिणारा आणि स्टोअरची किल्ली सांभाळणारा माणूस एकच. तो दुकानदाराच्या चलनावरचा आकडा बघून रजिस्टर लिहायचा. डबे टेम्पोतूनच कमी उतरले, की स्टोअरमधून गेले, की चलनच चुकलं, ते आजतागायत कळलेलं नाही. पण चार डब्यांचे पैसे डेली रेटमध्ये चढले. आमच्या विंगमध्ये एकजण एक वेळचीच मेस लावायचा, रात्री चहा-पाव खाऊन काढायचा. नवा रेट बोर्डावर बघून त्याने मला एवढंच विचारलं, "तू मोजत होतास ना रे?"

सर रागावले नाहीत. म्हणाले, "डबे चार गेले. पण तुझ्या सह्या चाळीस आहेत. आता त्यातली कुठली खरी धरायची?"

दिवाळीत गावी गेल्यावर हा किस्सा मामांना सांगितला. मामा बँकेतून रिटायर झालेले, पस्तीस वर्षं नोकरी. ते हसले आणि म्हणाले, "अरे, ही तर तुमची छोटी पीएमसी झाली!" त्यानंतर चार दिवस रोज रात्री अंगणात आमची जी शाळा भरली, तिचा हा सारांश समजा. मधेमधे मी स्वतः वाचलेलंही घातलं आहे.

आधी एक साधा प्रश्न. बँकेत ज्याचे पैसे आहेत त्याला बँकेतलं काय दिसतं? पासबुक दिसतं. एटीएमची पावती दिसते. बँक धडधाकट आहे का, दिलेली कर्जं परत येतायत का, नफा खरा आहे का, हे फक्त एकाच गोष्टीवरून कळतं. ती म्हणजे बँकेने छापलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. रिझर्व्ह बँकेचा माणूसही तिजोरीजवळ रोज बसलेला नसतो. त्यालाही बऱ्याच अंशी बँकेने पाठवलेली पत्रकंच दिसतात. म्हणजे काउंटरवर झालेला व्यवहार आणि वर्षाखेर छापलेला आकडा यांच्यामध्ये एक लांबलचक वाट आहे. या वाटेवर आकडा हरवू नये, बदलू नये, नवा घुसू नये म्हणून ठेवलेल्या चौक्या, म्हणजे आर्थिक अहवालावरची अंतर्गत नियंत्रणं.

या चौक्या ऐकायला अगदी घरगुती वाटतात. नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. रोख हाताळणाऱ्याने खातं लिहायचं नाही. आपल्या वहीतली शिल्लक आणि समोरच्या बँकेच्या वहीतली शिल्लक ठरावीक दिवसांनी लावून बघायची, याला म्हणायचं ताळमेळ. नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग सुट्टीवर पाठवायचंच. रिझर्व्ह बँकेने २०१५ साली यासाठी किमान दहा कामाचे दिवस सांगितले. मला वाटलं, वा, काय कर्मचारी-कल्याण! मामा म्हणाले, "कसलं कल्याण! तू जागेवर नसताना तुझ्या टेबलावरचं काम दुसरा बघतो. लपवलेलं काही असलं तर त्या दहा दिवसांत फुटतं. आमच्या वेळी रजाच न घेणारा माणूस दिसला की जुने मॅनेजर त्याचं कौतुक करत नसत, त्याची खाती काढून बघत."

मामांच्या तरुणपणी संगणक नव्हते. दिवसअखेर टोटल जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. दहा पैशांचा फरक असला तरी रात्री नऊ-नऊपर्यंत सगळी शाखा खतावणीत डोकं घालून बसायची. मी म्हटलं, दहा पैसे खिशातून टाकून मोकळं का नाही व्हायचं? तर म्हणाले, "दहा पैशांचा फरक म्हणजे कधी कधी एक लाख जमा आणि नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव रुपये नव्वद पैसे नावे, अशा दोन चुका एकमेकींवर बसलेल्या असतात. खिशातून टाकलेस की त्या दोन्ही झाकल्या गेल्या."

नियंत्रणात 'उणीव' आहे याचा अर्थ चोरी झाली असा नाही, हेही मला तेव्हाच कळलं. माझ्या पहिल्या महिन्यात कदाचित एकही डबा कमी नसेल. तरी उणीव होतीच, कारण कमी झाला असता तर कळायची सोय नव्हती. अमेरिकेत एन्रॉन बुडाल्यावर २००२ साली सार्बेन्स-ऑक्सली नावाचा कायदा झाला. त्याच्या ४०४ व्या कलमाने कंपनीच्या व्यवस्थापनाला दरवर्षी स्वतःच्या नियंत्रणांबद्दल लेखी सांगणं भाग पाडलं. त्यात 'मटेरियल वीकनेस' असा शब्द येतो. अर्थ असा, की हिशोबात मोठी चूक शिरण्याची आणि ती वेळेत न सापडण्याची वाजवी शक्यता आहे. नुसती शक्यता पुरते. अशी एक जरी उणीव असली तरी "आमची नियंत्रणं परिणामकारक आहेत" असं लिहिता येत नाही. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १४३ मध्ये ऑडिटरला यावर मत द्यायला सांगितलं आहे. पण सहकारी बँक ही कंपनी नसते, ती सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेली असते, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता पीएमसी. पूर्ण नाव पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. १९८४ साली मुंबईत सायनला एका शाखेपासून सुरू झाली आणि २०१९ पर्यंत सात राज्यांत १३७ शाखांवर गेली. मार्च २०१९ च्या आकड्यांत थकीत कर्जं, म्हणजे एनपीए, होती एकूण कर्जाच्या ३.७६ टक्के. सहकारी बँकेच्या मानाने छान आकडा. मग २४ सप्टेंबर २०१९ रोजी जाहीर झालं, की रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आहेत आणि एका खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील. सहा महिन्यांत हजार रुपये! आपली महिन्याची मेस सुद्धा त्यात भागत नाही. दोन दिवसांनी ही मर्यादा १०,००० केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितलं की एवढ्यात ६० टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना आपली सगळी शिल्लक काढता येईल. यावरून कळतं की या बँकेत पैसे कोणाचे होते. बहुतेकांच्या खात्यात दहा हजारसुद्धा नव्हते. ज्यांचे जास्त होते त्यांत निवृत्तीचा पैसा ठेवलेले लोक होते, छोटे व्यापारी होते, हाउसिंग सोसायट्या आणि पतसंस्थाही होत्या.

झालं काय होतं? बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या वर, एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होतं: एचडीआयएल. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नागरी सहकारी बँकेला एका समूहाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता यायचं. लक्षात घ्या, भांडवली निधीच्या ४०, एकूण कर्जाच्या नव्हे. भांडवल हे कर्जापेक्षा कितीतरी लहान असतं. आणि हे कर्ज परतही येत नव्हतं. हप्ता-व्याज ९० दिवस थकलं की कर्ज एनपीए धरायचं, त्यावर मानलेलं व्याज नफ्यातून काढायचं आणि बुडीताची तरतूद करायची, असा नियम आहे. तो पाळला असता तर नफा कुठल्या कुठे गेला असता.

मग लपवलं कसं? इथे मामा खुर्चीत पुढे सरकले. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीप्रमाणे अशी मोठी ४४ कर्जखाती होती. रिझर्व्ह बँक तपासणीला आली की कर्जांची एक मुख्य यादी मागते. त्या यादीत या ४४ खात्यांच्या जागी २१,०४९ छोटी, अस्तित्वातच नसलेली खाती दाखवली गेली. हिशोब करा, एका खऱ्या खात्यामागे सरासरी ४७८ खोटी. आणि गंमत (गंमत कसली!) म्हणजे ही २१,०४९ खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. ती फक्त यादीत होती.

मी विचारलं, "मामा, एवढी खाती खोटी आणि कोणालाच कळलं नाही?"

"कळणार कसं? तुमच्या मेसच्या हिशोबात टोटल जुळत होती ना? इथेही जुळत होती. ४४ खात्यांची बेरीज तेवढीच त्या २१ हजारांची बेरीज. ताळेबंदात एकूण कर्ज जेवढं, यादीत एकूण कर्ज तेवढंच. तपासणाऱ्याने बेरीज बघितली. बेरीज खरीच होती, तिच्यातली माणसं खोटी होती."

बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेलं एक पत्र त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. ते वाचण्यासारखं आहे. ही खोटी खाती ठेवीवर दिलेल्या कर्जाची आणि लहान रकमांची दाखवली, म्हणून ती तपासली गेली नाहीत, असं त्यात आहे. बरोबरच आहे. ठेवीवरचं कर्ज सगळ्यात सुरक्षित, ते कोण उघडून बघणार? आणि ऑडिटरबद्दल असं म्हटलं आहे, की बँक वाढत होती, त्यांना वेळ कमी पडत होता, म्हणून ते त्या वर्षी वाढलेली कर्जंच बघायचे, सगळी नाही. (पुढे ऑडिटरनाही अटक झाली. खटल्यांचा निकाल हा कोर्टाचा विषय आहे, मी फक्त पत्रातलं सांगतोय.) हे वाचताना मला माझा रविवार आठवला. जुने डबे तिथेच आहेत असं गृहीत धरायचं आणि नवीन आलेल्यावर नजर टाकायची.

अजून एक आरोप असा, की या समूहाची खाती प्रणालीत मोजक्याच लोकांना दिसतील अशी झाकून ठेवली होती. आपण कॉम्प्युटरवाले ॲक्सेस कंट्रोल शिकतो ते बाहेरच्या माणसाला आत येऊ न देण्यासाठी. तेच कुलूप आतल्या माणसाची नजर बाहेर ठेवायलाही वापरता येतं, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. एखादं खातं कोणाला दिसू द्यायचं नाही हे जो ठरवतो, तोच ते खातं मंजूर करणारा असेल, तर पासवर्ड कितीही कडक असून काय उपयोग?

शेवटी ही माहिती बाहेर आली तीही बाहेरच्या तपासणीतून नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, झाकणं अवघड झालं, आणि पुढच्या महिन्यात बँकेच्या आतूनच गोष्ट रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचली.

ठेवीदारांचं पुढे काय झालं, तर २०२२ च्या जानेवारीत ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या, त्यावरच्या रकमांना टप्पे लावले आणि शेवटचा टप्पा दहा वर्षांवर गेला. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा टप्पा!

आता पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण. ते सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, कारण नीरव मोदीचं नाव पाठ आहे. पण त्यातली खरी इंजिनिअरिंगची भानगड फार थोड्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून 'लेटर ऑफ अंडरटेकिंग' नावाची हमीपत्रं जायची. आयातदाराला परदेशात डॉलर हवेत. इथली बँक परदेशातल्या दुसऱ्या बँकेच्या शाखेला कळवायची, "याला द्या, नाही फेडलं तर आम्ही देऊ." हा निरोप स्विफ्ट नावाच्या जाळ्यावरून जायचा. बँकेचं खातं-पुस्तक असतं कोअर बँकिंगमध्ये. आणि या दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या! म्हणजे हमीचा निरोप स्विफ्टवरून पाठवला आणि कोअर बँकिंगमध्ये नोंद केली नाही, तर बँकेच्या पुस्तकांना आपण कोणाला हमी दिली आहे याचा पत्ताच नाही. वर्षानुवर्षं हे चालल्याचा आरोप आहे. जुनी हमी फेडायला नवी हमी काढली जायची. एक अधिकारी त्याच शाखेत सुमारे सात वर्षं होता. (बदली, सुट्टी या घरगुती चौक्या आठवा.) तो निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपन्या पुन्हा हमी मागायला आल्या तेव्हा नव्या अधिकाऱ्याने पूर्ण रक्कम तारण मागितली. ते म्हणाले, आम्हाला यापूर्वी बिनातारण मिळायची. त्याने प्रणालीत शोधलं. एकही नोंद नाही. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा होता सुमारे ११,४०० कोटी, पुढे तो १३ हजारांच्या वर गेला.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. हे पैसे आकाशातून जात नव्हते. परदेशी चलनासाठी बँकेचं परदेशातल्या बँकेत एक खातं असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात. रक्कम त्यातूनच आली आणि गेली. त्या खात्याचं स्टेटमेंट आणि आपली नोंद शेजारी शेजारी ठेवून कोणी नीट ताळमेळ लावला असता, तर "हे पैसे कशाचे?" असा प्रश्न पडलाच असता. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं की ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना किमान तीनदा सावध केलं होतं. प्रकरण फुटल्यावर सगळ्या बँकांना दोन्ही प्रणाली जोडायला मुदत दिली, आणि तरीही २०१९ च्या मार्चमध्ये स्विफ्टसंबंधीचे आदेश न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. ३६ बँका! आपल्याकडे सबमिशनची डेडलाइन चुकवणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये.

इथवर वाचून कोणाला वाटेल की या सगळ्याला एखादा चोर लागतोच. मलाही वाटायचं. म्हणून २०२५ चं इंडसइंड बँकेचं उदाहरण सांगतो, कारण तिथे कोणी पैसे उचलून परदेशात पळालं नाही. १० मार्च २०२५ रोजी बँकेने स्वतःच जाहीर केलं की डेरिव्हेटिव्हच्या हिशोबात तफावत आहे. सोप्या भाषेत असं: बँकेच्या एका विभागाला विदेशी चलनातल्या देण्याची जोखीम झाकायची आहे. तो बँकेच्याच दुसऱ्या विभागाशी सौदा करतो आणि दुसरा विभाग बाहेर बाजारात तसाच सौदा करतो. म्हणजे घरातल्या घरात एक सौदा आणि बाहेर एक. बाहेरच्या सौद्याचा हिशोब रोजच्या बाजारभावाने, घरातल्याचा वेगळ्याच रीतीने. दोन टोकांना दोन मोजपट्ट्या. सौदा मुदतीआधी मोडला की एका बाजूचा फायदा नफ्यात दिसायचा आणि दुसऱ्या बाजूचा तोटा ताळेबंदात मालमत्ता होऊन बसून राहायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी एप्रिल २०२४ पासून असे आतले सौदे बंद झाले, तेव्हा ते मोजायची वेळ आली. आकडा निघाला १,९७९ कोटी. पुढे तपासात आणखी निघालं: मायक्रोफायनान्सच्या कर्जांवर तीन तिमाहींत ६७४ कोटींचं व्याज चुकीचं उत्पन्न म्हणून नोंदलेलं, आणि 'इतर मालमत्ता' या सदरात ५९५ कोटींच्या शिल्लका, ज्यांना कागदपत्रांचा आधारच नाही. बँकेच्या प्रमुखांनी एप्रिलअखेर राजीनामा दिला.

'इतर' हा शब्द ऐकून मामा फार हसले. आमच्या मेसच्या हिशोबातही 'इतर खर्च' अशी ओळ होती. ती दर महिन्याला मोठी होत गेली आणि तिच्यात काय आहे हे मलाच सांगता आलं नाही.

मग उपाय काय? आमच्या ब्रँचचे लोक लगेच म्हणतील, सॉफ्टवेअर टाका. थोडं बरोबर आहे. कोणतं कर्ज एनपीए हे माणसाने ठरवायचं नाही, प्रणालीने आपोआप ठरवायचं, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये काढला आणि त्यासाठी जून २०२१ ची मुदत दिली. पत्रकं हाताने न बनवता मूळ प्रणालीतून थेट निघावीत, हा तर तिचा जुनाच आग्रह. पीएमसीनंतर, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, मोठ्या कर्जांची जी मध्यवर्ती नोंद आहे तिच्यात ५०० कोटींवर मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांनाही आणलं. ५ कोटींवरचं कर्ज तिथे कळवावं लागतं. एका समूहाची मर्यादा ४० वरून २५ टक्क्यांवर आणली. २०२० मध्ये कायदा बदलून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकारही वाढवले, कारण आधी तिचे हात अर्धे बांधलेले होते.

पण पीएमसीतही सॉफ्टवेअर होतंच की! कोअर बँकिंगमध्ये ४४ खाती होती. खोटं सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, सॉफ्टवेअर आणि अहवाल यांच्यामधल्या जागेत होतं, जिथे कोणीतरी एक फाइल हाताने बनवत होतं. पीएनबीमध्ये ते दोन सॉफ्टवेअरच्या मधल्या जागेत होतं. इंडसइंडमध्ये दोन विभागांच्या मध्ये. आमच्या मेसमध्ये चलन आणि रजिस्टरच्या मध्ये. आपण प्रोजेक्टमध्ये डब्यांचे आकृतीबंध काढतो आणि दोन डब्यांमध्ये एक बाण मारून मोकळे होतो. तो बाण कोण चालवतो, कधी चालवतो आणि बाणाच्या दोन्ही टोकांना आकडा तोच आहे का हे कोण बघतो, असा प्रश्न मला तरी व्हायवात कोणी विचारलेला नाही. विचारायला हवा.

चौथ्या दिवशी मामांनी मला घरातलाच एक कागद आणायला लावला. आमचे बाबा तालुक्याच्या गावच्या एका सहकारी बँकेचे सभासद आहेत. दरवर्षी वार्षिक अहवाल येतो, त्यावर अध्यक्षांचा फोटो असतो, आणि तो रद्दीत जातो. मामा म्हणाले, विषयपत्रिका वाच. इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद स्वीकारणे, नफा-वाटणी, आणि मग एक ओळ होती जी मी जन्मात कधी वाचली नव्हती: लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे व दोष दुरुस्ती अहवालास मंजुरी देणे. ऑडिटरने दाखवलेले दोष बँकेने कसे दुरुस्त केले याचा अहवाल. आत पान उलटून बघितलं तर "दोषांची पूर्तता करण्यात येत आहे" एवढं एकच वाक्य. कुठले दोष ते नाही.

बाबा म्हणाले, "वीस वर्षं झाली, मी फक्त लाभांश किती टक्के ते बघतो. सभेत उठून असलं काही विचारलं तर लोक म्हणतील मास्तरांना काय झालं."

पण पुढच्या वर्षीच्या सभेत त्यांनी विचारलं. अध्यक्ष चांगलं बोलले, यादी कार्यालयात बघायला मिळेल म्हणाले. सोमवारी शाळा सुटल्यावर बाबा गेले. दीड पान होतं. रात्री त्यांचा फोन आला तेव्हा मी मेसच्या लाइनीत उभा होतो. "तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय, इतर बँकांतल्या खात्यांचा ताळमेळ दोन महिने मागे आहे. हे म्हणजे नक्की काय रे? घाबरायचं आहे का?" मी ताट परत ठेवलं, लाइनीतून बाहेर आलो आणि त्यांना पहिल्यांदा तेलाचे डबे सांगितले.